उन्हावर चाललेली भिकाची नाव

मी पारोळ्याचा. चाळीस वर्षं बॅटऱ्या चार्ज करून दिल्या. ट्रॅक्टरच्या, लाउडस्पीकरच्या, वरातीतल्या दिव्यांच्या. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. त्यामुळे यात एखादं सुंदर वाक्य सापडलं तर ते चुकून आलं असं समजा. आणि प्रवास म्हणाल तर तापी ओलांडून आलो, एवढाच. लोक हिमालयात जाऊन येतात, मग लिहितात. मी पलीकडच्या काठावर जाऊन आलो. पण ज्या पद्धतीने गेलो तसं आपल्याकडचं कोणी गेल्याचं ऐकलं नाही, म्हणून लिहितो.

माझी बायको इंदू गेल्या उन्हाळ्यात वारली. बायको गेल्यावर माणूस बोलणं विसरतो म्हणतात. मी भांडणं विसरलो. मुलगा, सून चांगले आहेत, त्यांच्याशी भांडायला कारण मिळत नाही. वर्षभर पारोळ्याच्या बाहेर गेलो नाही. किल्ल्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, झालं.

आखाजीच्या आठ दिवस आधी भिकाचा फोन आला. भिका इंदूचा धाकटा भाऊ. तापीच्या अलीकडच्या काठावर त्याचं गाव, तीच माझी सासुरवाडी. नदीवर पुढे बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा, झाल्यापासून तिथे नदीचा तलाव झाला आहे. भिका त्यात नाव चालवतो, मासे धरतो.

"दाजी, बॅटरी भरस नही."

"नवी ले."

"नवी बी भरस नही. तुम्ही या."

"मी आते कोठेच जात नही."

मग म्हणाला, "यशोदाले आनाले जानं शे."

इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेली लेक कितीही म्हातारी झाली तरी आखाजीला माहेरी येते, आणि तिला आणायला माहेराहून माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. आपली आपण आली तर ती लेक कसली! इंदूची धाकटी बहीण यशोदा पलीकडच्या काठावर दिलेली. भिका दर आखाजीला नाव घेऊन जायचा आणि तिला घेऊन यायचा. दोन वर्षांपूर्वी यशोदाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टरने बजावलं, धक्का लागता कामा नये. पुलावरून रस्ता आहे, पण पुलापर्यंतचे खड्डे बघितले तर धडधाकट माणसाची पाठ जाते. इंदू गेली तेव्हा यशोदा खाटेवर होती. बहिणीचं तोंड बघायला येऊ शकली नाही. आता ती बसू शकते, चालू शकते. फक्त पाण्यावरूनच येऊ शकते. आणि भिकाचा खांदा गेला आहे, वल्ही मारता येत नाहीत, आणि गावात नाव हाकणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी पिशवी भरली.

जळगाव

पारोळ्याहून तापी उत्तरेला आणि मी गेलो पूर्वेला, जळगावला. कारण सोलरचं सामान तिथे बरं मिळतं. दुकानात काउंटरला चष्मा लावलेली एक बाई होती, असेल तिशीची.

"आबा, काय चालवायचंय? पंखा? झटका मशीन?" रानडुकरं येतात म्हणून शेतकरी कुंपणाला करंट सोडायला पॅनल नेतात, ते झटका मशीन.

"होडी."

तिने पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. भिकाच्या मुलाने सुरतेहून टेबलफॅनएवढी मोटर पाठवली आहे, नावेच्या मागे लावायची. सोबत एक पॅनल, पाटाएवढं. वारा असला की शीड, नसला की मोटर. पण बॅटरी भरत नाही.

"घरी चार्जर लावून का नेत नाही?"

"नदीवरून घर अर्धा कोस, तोही चढ. बॅटरी उचलनार कोन? भिकाचा खांदा गेला, मी चौऱ्याहत्तरचा."

मला मोठं पॅनल हवं होतं. ती म्हणाली, अरुंद नावेवर मोठं लावलं तर वारा त्यालाच शीड समजेल. आहे तसंच अजून एक लहान घ्या. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये कंट्रोलर लावा, तो करंट सांभाळतो आणि आकडा दाखवतो. "आणि एक लक्षात ठेवा, एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी अख्खं पॅनल झोपतं."

मी म्हटलं, "पोरी, चाळीस वर्षं बॅटऱ्या भरल्या मी."

"मग हे पण घ्या," म्हणून तिने दोन फ्यूज वेगळ्या पुडीत बांधून दिले. "जुने मेकॅनिक तारा भिडवून ठिणगी बघतातच."

मला राग आला. पण भूक जास्त होती. स्टँडजवळ भरीत-पुरी खाल्ली. उन्हाळ्याचं वांगं, त्याला हिवाळ्याची चव कुठून येणार! आमच्याकडे होळीनंतर भरताला कोणी हात लावत नाही. जळगावकर बारा महिने खातात आणि वर म्हणतात आमच्यासारखं कुठे नाही. खरं आहे, इतक्या अवेळी कुठेच नाही.

धुळ्यावरून नदीकडे

पॅनल गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. धुळ्याच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "आबा, टीव्हीचं पण तिकीट लागेल." मी म्हटलं टीव्ही नाही, सोलर आहे. मग शेजारचा, मागचा, पुढचा, सगळ्यांनी हात लावून बघितला. एकाने विचारलं, रात्री चालतं का? खान्देशात सोलरला हा प्रश्न विचारतातच.

धुळ्याला शेवभाजी खाल्ली. तर्रीने डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात असं खुलेआम पाणी पहिल्यांदा आलं, आणि कोणाला काही सांगावं लागलं नाही. पुढे शिरपूरच्या गाडीने पुलाच्या अलीकडे उतरलो. तिथून भिकाचा शेजारी मोटरसायकलवर घेऊन गेला. रस्त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

अलीकडचा काठ

नदीवर पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी बघून बरं वाटलं. आमच्याकडे एप्रिलात पाणी म्हणजे टँकर. इथे निळं पाणी पार नजरेपलीकडे. भिका काठावरच होता. हाडकुळा, काळा, उजवा हात छातीशी धरलेला. माझ्या पाया पडला. मी विचारलं, "कोठे शे तुनं पॅनल?"

त्याने नावेकडे बोट केलं. नाव वाळूवर ओढलेली होती. तिच्या पुढच्या फळीवर पॅनल होतं, असावं. दिसत नव्हतं. त्याच्यावर बिबडे वाळत घातले होते. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, भाकरीएवढाले. एकाला एक चिकटून, काठोकाठ.

भिकाची बायको मंगला टोपली घेऊन आली. "दाजी, तुम्ही कवय उनात! देखा, काच कशी तापस. दोन तासमा बिबडा कडक."

"आनि खाले बॅटरी उपाशी."

"बॅटरी बिबडा खास नही. मानसं खातस. ल्या, ओला शे, शेंगदाना संगे खा."

खाल्ला. चांगला होता. ओला बिबडा आणि कच्चे शेंगदाणे, यापुढे मला पंचपक्वान्न नको. भिका मान खाली घालून उभा होता. "मी इले सांगं," म्हणाला, "पन ती म्हने, ऊनच घ्यायचं ना, मंग बिबडालेबी तेच पाहिजे."

बिबडे काढले. काच पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीची सहाही बुचं उघडून ग्रॅव्हिटी बघितली. काचेच्या नळीत आतलं पाणी ओढायचं, तरंगणारा काटा सांगतो बॅटरीत किती जीव आहे. जुनी होती, थकलेली, पण मेलेली नव्हती. कोरडी पडली होती, तिला डिस्टिल पाणी पाजलं. मग दोन्ही पॅनल, कंट्रोलर, तारा जोडल्या. आणि आता लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो. हाताला सवय. बॅटरीच्या दोन तारांची टोकं एकमेकांना जराशी भिडवली, ठिणगी बघायला. ठिणगी पडली. कंट्रोलरचा दिवा विझला.

भिकाने विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नही."

"दिवा गया ना."

"माले दिखस." मी पुडी उघडली, फ्यूज बदलला, दिवा लागला. जळगावच्या त्या बाईने माझी जात बरोबर ओळखली होती, मेकॅनिकची जात.

दुपारी वारा सुटला. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, झाडं वाकवतो. भिकाने शीड उभं केलं आणि मला हसू आलं. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाडून शिवलेलं शीड. अर्धा चेहरा, जोडलेले हात, तेही उलटे.

भिका म्हणाला, "निवडून उना तवयपासून पहिल्यांदाच कामे पडना."

नाव काठापासून थोडी आत नेऊन बघितली. चालली चांगली. पण कंट्रोलरवरचा पॅनलचा आकडा पडला, जवळजवळ शून्यावर आला. डोक्यावर कडक ऊन आणि पॅनल काही देईना! मी तारा तपासल्या, जोड तपासले, सुरतेच्या पोराला शिव्या दिल्या. मग खाली बघितलं. सूर्य पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, मध्ये शीड. आणि त्या पुढाऱ्याची सावली बरोबर आमच्या दोन्ही पॅनलवर. मी ती दोन्ही शेजारी शेजारी पुढच्या फळीवर बसवली होती, दिसायला देखणी म्हणून.

एक पॅनल उचलून मागे नेलं, मोटरजवळ. लगेच आकडा वर आला. सकाळी सूर्य पूर्वेला असेल तेव्हा पुढचं काम करेल, दुपारी मागचं. हेच ती बाई मला जळगावला सांगत होती. ऐकून घेतलं असतं तर एक दुपार वाचली असती. इंदू हेच म्हणायची, फक्त जास्त मोठ्याने.

पलीकडे

आखाजीला दोन दिवस उरले तेव्हा निघालो. भिकाने हिशेब समजावला. जाताना नदी तिरपी कापायची म्हणजे वारा मागून, शीड काम करेल, मोटर वाचेल. परत येताना पहाटे यायचं, कारण दुपारच्या लाटांचे धक्के यशोदाला चालणार नाहीत. पहाटे पाणी काचेसारखं असतं, पण वारा नसतो. म्हणजे शीड बंद, सगळी भिस्त बॅटरीवर. ती थकलेली बॅटरी तिकडच्या काठावर संध्याकाळपर्यंत जितकी भरेल तितकीच.

"नही भरनी तर?" मी विचारलं.

"तर यशोदा तठेच राही. मी परत वल्ही मारू शकत नही, दाजी. आनि पोरगा म्हनस, यंदा नाव जमनी नही तर विकी टाकू."

पाण्यावरचा प्रवास कसा होता सांगू? बसमध्ये माणूस बसतो आणि रस्ता जातो. नावेत तसं नाही. सारखं वाटतं आपणच काहीतरी करतोय. शीड फडफडलं की भिका दोरी ओढायचा, नाव तिरकी सरकली की मी मोटर क्षणभर चालू करून तोंड सरळ करायचो. पाणबगळे उडत होते. सातपुडा समोर निळा दिसत होता, पारोळ्याहून तो नुसता ढगासारखा वाटतो. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटत होतं. मग तेही गेलं, कारण नावेत पाणी आलं आणि डबा घेऊन उपसावं लागलं.

पलीकडे पोहोचलो तेव्हा सूर्य हातभर उरला होता. आडव्या पॅनलवर तिरपं ऊन पडत नाही, घसरून जातं. बॅटरी पाऊणसुद्धा भरली नव्हती. भिका यशोदाला निरोप द्यायला वर गेला. मी दोन्ही पॅनल सोडवली, तारा लांब केल्या. एक दगडाला टेकवलं, दुसरं मांडीवर उभं धरून मावळतीकडे तोंड करून बसलो. आकडा वाढला.

पाणी भरायला आलेल्या बाया थांबल्या. एक म्हणाली, "आबा, सूर्यले आरसा दखाडी राहिनात का?"

"हा. त्याले भांग पाडना शे."

हसत गेल्या. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. यशोदा. उतारावरून एकेक पाऊल टाकत, जाऊबाईने दंड धरलेला. तोंड थेट इंदूचं, फक्त बारीक झालेलं. मी उठायला गेलो.

"उठू नका, दाजी."

"उठता येत नही. ऊन जाई राहिनं."

ती दगडावर बसली, काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी उनी नही."

"तू खाटवर व्हती. माले मालूम शे."

"तरी. मी उनी नही."

यावर काय बोलायचं असतं ते मला येत नाही. इंदूला यायचं. मी काच जराशी कलवली. तिने डोळे पदराने पुसले आणि दगडाला टेकवलेल्या पॅनलकडे हात केला. "ते आठे द्या. हाई दगडवर वाकडं बठेल शे."

तिने ते मांडीवर घेतलं, माझ्याकडे बघून कोन जुळवला. असे आम्ही दोघं सूर्य बुडेपर्यंत बसलो, सूर्य खाली गेला तसतशा काचा खाली कलवत. भिका आला, त्याने बघितलं आणि तोही वाळूत बसला.

जेवायला तिच्या घरी गेलो. तिच्या सासरी वरणात गूळ घालतात. इतकी वर्षं त्या घरात काढून यशोदा अजून ताटाशेजारी हिरवी मिरची घेऊन बसते. मीही मागून घेतली.

परत

तांबडं फुटताना निघालो. यशोदाला नावेच्या मध्ये गादीवर बसवलं, पाठीला उशा. पाणी खरंच काचेसारखं होतं. मोटर सुरू केली, आवाज शिलाई मशीनपेक्षा कमी. भिकाला घाई, त्याने वेग वाढवला. बॅटरीचा आकडा भराभर खाली यायला लागला.

"कमी कर."

"उशीर व्हयी."

"भिका, म्हातारा बैल शे हाऊ. पळाडू नको."

निम्म्यावर आलो आणि आकडा अशा जागी आला की त्याखाली मी बॅटरी कधी जाऊ देत नाही. सूर्य आत्ताच वर आला होता, पॅनल जरा जरा द्यायला लागली होती, पण मोटर पिणार त्यापुढे ते थेंब. मी मोटर बंद केली.

भिका घाबरला. "मरनी?"

"थकनी. थकेल बॅटरीले घटकाभर सोडं का ती परत उठस. वरून ऊन बी शे. बस गप."

नदीच्या मधोमध आम्ही तिघं बसलो. ना या काठाला, ना त्या. भिका एकदा घड्याळ बघे, एकदा लांबचा काठ. यशोदाने मागचं पॅनल न सांगता उचलून उगवतीकडे धरलं. मग तिने डबा उघडायला लावला. त्यात सांजोऱ्या होत्या.

"दाजी, अक्का शेवटला माले फोनवर काय म्हने, ठाऊक शे?" ती भावंडं इंदूला अक्का म्हणत.

"काय?"

"म्हने, हाऊ बॅटरीवाला रातभर घोरस, आनि सकाय उठीसन म्हनस तूच घोरनी."

"खोटं बोलनी."

"अक्का खोटं बोलस नही."

"घोरन्याबद्दल बोले," मी म्हटलं. "तीच घोरे."

यशोदा हसली, पाठीला हात लावून हसली. भिका म्हणाला, "दोन्हीबी घोरेत. आमच्याकडे येत तवय मी गोठामा झोपे." मग मीही हसलो. वर्षभरात इंदूबद्दल कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. सगळे देवमाणूस होती, देवमाणूस होती म्हणायचे. देवमाणूस घोरत नाही.

सांजोऱ्या संपल्या तेव्हा आकडा बघितला. उठला होता. फार नाही, पण काठापुरता. मी मोटर सर्वांत हळू सुरू केली. बैलगाडीच्या चालीने गेलो. मध्ये एकदा परत थांबलो, परत निघालो. काठावरची माणसं ओळखू येऊ लागली. मग मंगला ओळखू आली, तिच्या हातातला तांब्या ओळखू आला. शेवटच्या थोड्या पाण्यात मोटरने मान टाकली, पण तोवर नावेचा तळ वाळूला लागला होता. चार जणांनी यशोदाला उशांसकट उचलून खाली ठेवलं. मंगलाने पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग दोघी गळ्यात पडून रडल्या, इंदूचं नाव घेऊन, गावाला ऐकू जाईल एवढ्याने. मी तारा सोडवत बसलो. तेवढं व्हायलाच हवं होतं.

संध्याकाळी भिकाच्या अंगणात निंबाला आखाजीचा झोका बांधला. लांब फळी, दोन टोकांना दोघी बसायच्या. पोरी यशोदाला म्हणाल्या, आत्या, पहिला झोका तुमचा. डॉक्टर नाही म्हणेल, मी म्हटलं. यशोदा म्हणाली, डॉक्टर आखाजीला उना का? ती जपून एका टोकाला बसली. फळी तिच्या बाजूला झुकली. इतकी वर्षं त्या दुसऱ्या टोकाला कोण बसायचं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी पुढे होईना. गाणं सुरू झालेलं थांबलं.

"दाजी, बसा," यशोदा म्हणाली.

"हाऊ बायास्ना झोका शे."

"मंग मी अशी वाकडी बसू का? मना पाठमा पट्टी शे."

बाया हसायला लागल्या. भिका तर हात छातीशी धरून नुसता वाकला. मी धोतर सावरलं आणि बसलो. फळी सरळ झाली. मंगलाने मागून हळू लोटलं, पोरींनी गाणं परत धरलं, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा बॅटरीवाला दोरी घट्ट धरून ओरडत होतो, हळू, हळू, तिला धक्का लागेल. यशोदा ओरडत होती, अजून थोडा.